गाव गेलं, शाळा राहिली: स्की इन्स्ट्रक्टर हानेस श्नायडरचं प्रकरण

स्की इन्स्ट्रक्टरचं पोट तीन गोष्टींवर चालतं आणि तिन्ही त्याच्या हातात नसतात: बर्फ, पाहुणे आणि स्वतःचे गुडघे. बर्फ उशिरा पडला की सीझन गेला, पाहुणे आले नाहीत की फी गेली, आणि गुडघा गेला तर सगळंच गेलं. त्यात सीझन चार-पाच महिन्यांचा, बाकीचं वर्ष दुसरं काहीतरी करून काढायचं. वर जे विकायचं ते अंगात असतं, कागदावर नाही. पोहता येणाऱ्याला जसं पोहणं शब्दात सांगता येत नाही तसंच इथेही, उतारावरून सुंदर खाली येणारा माणूस दुसऱ्याला ते शिकवू शकेलच असं अजिबात नाही. मग या कामात आयुष्यभराचं करिअर उभं कसं राहतं? या प्रश्नासाठी मला आजवर सापडलेलं सगळ्यात बोलकं प्रकरण म्हणजे ऑस्ट्रियाचा हानेस श्नायडर. त्याने ३० वर्षं एका गावात मेहनत करून सगळं उभं केलं, एका रात्रीत ते सगळं गेलं, आणि तरीही त्याचं करिअर संपलं नाही. का संपलं नाही, तेच इथे नीट बघायचंय.

पार्श्वभूमी आधी. श्नायडरचा जन्म १८९० चा, आर्लबर्ग खिंडीजवळच्या स्टुबेन नावाच्या अगदी छोट्या गावातला. हिवाळ्यात तिथे बर्फाशिवाय काही नाही, आणि त्या काळात त्या भागातल्या लोकांना स्की ही वस्तूच नवीन होती. स्कीइंग आलं नॉर्वेकडून, आणि आल्प्समध्ये ते आधी बाहेरून आलेल्या हौशी लोकांनी आणलं. ब्रेगेन्झचा व्हिक्टर सोम हा असाच एक सुरुवातीचा स्कीवाला, तो स्टुबेनला यायचा, त्याने या पोराची आवड बघितली आणि त्याला शिकवलं. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याने पुढे अख्ख्या जगाला शिकवलं त्यालाही कुणीतरी वेळ काढून शिकवलं होतं.

आर्लबर्गच्या पलीकडच्या बाजूला सेंट अँटन. १८८४ मध्ये आर्लबर्गचा रेल्वे बोगदा सुरू झाला, जवळपास साडेदहा किलोमीटरचा, आणि त्याचं पूर्वेकडचं तोंड बरोबर सेंट अँटनपाशी. म्हणजे डोंगरात आडबाजूला असलेलं गाव एकदम मोठ्या रेल्वेमार्गावर आलं. १९०१ मध्ये वर सेंट क्रिस्तोफला स्की क्लब आर्लबर्ग स्थापन झाला. गावात हॉटेल पोस्ट होतं, त्याचा मालक कार्ल शुलर, त्याला कळलं होतं की हिवाळ्यात पाहुणे आणायचे तर त्यांना करायला काहीतरी पाहिजे. १९०७ मध्ये त्याने १७ वर्षांच्या श्नायडरला स्की इन्स्ट्रक्टर म्हणून ठेवलं. तेव्हा इन्स्ट्रक्टर म्हणजे हॉटेलची एक सोय, जसा घोडागाडीवाला तसा हा. पाहुणे आले की त्यांना घेऊन उतारावर जायचं, पडले की उठवायचं.

आता ते नक्की काय शिकवायचे हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून जरा खोलात जातो. तेव्हाची स्की म्हणजे लाकडाची लांब पट्टी, तिला धातूची कड नाही (साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनरने पोलादी कडांचं पेटंट घेतलं ते १९२६ मध्ये), बूट चामड्याचे आणि मऊ, टाच मोकळी. नॉर्वेजियन लोकांचा टेलिमार्क वळण घ्यायचा प्रकार होता, एक स्की पुढे सारायची, मागचा गुडघा वाकवायचा, टाच उचलायची. मऊ खोल बर्फात हे दिसतंही छान आणि चालतंही छान. पण आल्प्सचे उतार तीव्र, बर्फ कडक, आणि वेग वाढला की टेलिमार्क डगमगायला लागतो. लिलिएनफेल्डच्या माथियास झडार्स्कीने त्यावर वेगळा मार्ग काढला होता, एकच लांब काठी आणि स्की बाजूला फाकवून वळायचं, सुरक्षित पण हळू. गेऑर्ग बिल्गेरी या सैन्यातल्या अधिकाऱ्याने दोन काठ्या आणल्या. म्हणजे तुकडे सगळे होते, आणि तुकडे करणाऱ्यांची आपसात भांडणंही खूप होती.

श्नायडरला वेग पाहिजे होता. म्हणून त्याने शरीर खाली घेतलं, गुडघे वाकवून, वजन पुढे टाकून, जवळपास बसल्यासारखं. टेलिमार्क सोडूनच दिला. वळण सुरू करताना एका स्कीची शेपटी, म्हणजे मागचं टोक, बाहेर ढकलायची आणि वळण संपता संपता दोन्ही स्की जवळ आणून घसरत पूर्ण करायचं. यालाच पुढे स्टेम क्रिस्टियानिया म्हणायला लागले. दहावीस जण त्याचं बघून तसं करायला लागले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती, चांगला स्कीअर होता म्हणून गावात नाव राहिलं असतं, एवढंच.

मग पहिलं महायुद्ध आलं. श्नायडर लढाईवरही होता आणि डोंगरी तुकड्यांना स्की शिकवायचं कामही त्याच्याकडे आलं. माझ्या मते या प्रकरणातलं खरं वळण इथे आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हॉटेलचा पाहुणा एकटा येतो, त्याच्या कलाने घ्यावं लागतं, त्याला येत नसेल तर गप्पा मारून दिवस काढता येतो. सैनिक घोळक्याने येतात, अनेकांनी स्की पायात घातलेलीच नसते, वेळ थोडा असतो, आणि त्यांना ठरलेल्या दिवशी उतारावरून खाली येताच आलं पाहिजे. तिथे "माझं बघ आणि तसं कर" एवढ्यावर भागत नाही. आधी काय, नंतर काय, आणि कुठपर्यंत आल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, हे ठरवावंच लागतं.

युद्ध संपल्यावर, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याने सेंट अँटनमध्ये रीतसर स्की शाळा काढली. तिथे काय चालायचं ते बघा. पाहुणा पहिल्या दिवशी येणार, त्याने थोडं करून दाखवायचं, आणि त्याला जेवढं येतं त्याप्रमाणे क्लास ठरणार. तो मोठा कारखानदार असो की विद्यार्थी, क्लास येण्यावरून ठरणार. सगळ्यात खालच्या क्लासला स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची टोकं जवळ, शेपट्या फाकलेल्या, व्ही आकार, दोन्ही स्की आतल्या कडेवर. याने वेग आवरता येतो, आणि पहिल्यांदा उतारावर उभ्या राहिलेल्या माणसाला आधी हेच पाहिजे असतं, की मला थांबता येईल. थांबता येतंय कळलं की भीती कमी होते, भीती कमी झाली की गुडघे वाकतात, आणि गुडघे वाकले की बाकीचं जमायला लागतं. भीतीने माणूस मागे रेलतो, मागे रेललं की स्की ऐकत नाही, आणि मग पडणं ठरलेलं. श्नायडरच्या शाळेत गुडघे वाकवा, पुढे झुका हे सतत ओरडून सांगितलं जायचं त्यामागे एवढं सगळं होतं.

स्नोप्लाऊमध्ये वजन उजव्या पायावर टाकलं की डावीकडे वळतो, डाव्यावर टाकलं की उजवीकडे. हे जमलं की पुढचा क्लास, स्टेम. इथे उतार आडवा कापत जायचं, दोन्ही स्की समांतर, वळायच्या वेळी फक्त वरच्या स्कीची शेपटी बाहेर ढकलायची, हळूहळू वजन तिच्यावर न्यायचं, वळण घेतलं की दुसरी स्की शेजारी आणायची. त्याच्या पुढे स्टेम क्रिस्टियानिया, तेच पण फाकवणं कमी, स्की जवळ आणणं लवकर, आणि उरलेलं वळण समांतर घसरत. आता यातली कारागिरी बघा, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतूनच निघते. विद्यार्थ्याला कुठेही एकदम नवीन हालचाल शिकावी लागत नाही, जे येतंय त्यातलं थोडं कमी करायचं आणि थोडं वाढवायचं. एक क्लास पार झाल्याशिवाय पुढच्यात नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. शाळेतल्या सगळ्या इन्स्ट्रक्टरनी तेच आणि तसंच शिकवायचं. गावात उत्तम स्की करणारी पोरं भरपूर होती, प्रत्येकाची स्वतःची लकब होती, पण क्लाससमोर उभं राहिल्यावर शाळेची पद्धत. त्यामुळे आज एका इन्स्ट्रक्टरकडे शिकलेला माणूस उद्या दुसऱ्याकडे गेला तरी अडत नव्हता, पुढच्या वर्षी परत आला तरी जिथे सोडलं तिथून सुरुवात. मालकाच्या दृष्टीने बघितलं तर श्नायडरने स्वतःचीच गरज कमी केली होती. त्याच्याशिवाय क्लास चालू शकत होता. उलट बाजूने बघितलं तर गावातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हिवाळ्याचा खराखुरा पेशा मिळाला, नुसती हंगामी मजुरी राहिली नाही. डझनावारी इन्स्ट्रक्टर कामाला लागले, आणि त्यांना मागणी फक्त सेंट अँटनमध्येच राहिली नाही.

नाव पसरायला दोन गोष्टींनी खूप मदत केली. एक सिनेमा. आर्नोल्ड फांक हा जर्मन दिग्दर्शक डोंगरात जाऊन सिनेमे करायचा आणि १९२० पासून श्नायडर त्याच्या सिनेमांत स्की करताना दिसायला लागला. ज्यांनी कधी बर्फाचा डोंगर बघितला नव्हता त्यांनीही पडद्यावर हा खाली बसून सुसाट येणारा माणूस बघितला. दुसरी गोष्ट म्हणजे व्हिएन्नाहून सेंट अँटनला येऊन राहिलेला इंजिनियर रुडॉल्फ गोम्पर्त्स. शाळा श्नायडरची, पण गावाचं पर्यटन उभं करण्यात, बाहेरच्या जगापर्यंत गाव पोचवण्यात गोम्पर्त्सचा वाटा प्रचंड होता, गावामागच्या गाल्त्सिग डोंगरावर जाणारी केबल कार १९३७ मध्ये सुरू झाली त्यामागेही तोच होता. याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३० मध्ये श्नायडर जपानला गेला. तिथे स्कीइंगची ओळख १९११ मध्ये एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानेच, थिओडोर फॉन लेर्शने, सैनिकांना शिकवून करून दिली होती, ती एका काठीची जुनी पद्धत. श्नायडर गेला आणि लोकांनी नवं तंत्र प्रत्यक्ष बघितलं. अमेरिकेत त्याचे शिष्य आधीच पोचायला लागले होते. ओटो लँग वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरला शाळा चालवायला लागला. न्यू हॅम्पशायरमध्ये कॅरल रीड नावाचा तरुण १९३४ मध्ये स्की करताना जबर जखमी झाला, नॉर्थ कॉनवेच्या हॉस्पिटलमध्ये पडून राहिला, आणि तिथे त्याच्या डोक्यात आलं की इथे धड शिकवणारं कुणी असतं तर हे झालं नसतं. त्याने शाळा काढायचं ठरवलं, श्नायडरकडे माणूस मागितला, आणि १९३६ मध्ये सेंट अँटनहून बेनो रिबिट्स्का तिथे आला. शाळेवर श्नायडरचं नाव लागलं, अमेरिकन शाखा म्हणून. हा सौदा तेव्हा अगदी छोटा वाटला असणार, एका इन्स्ट्रक्टरला परदेशात काम मिळालं इतकंच.

कोचिंगचा भाग इथेच घेतो कारण तो जरा वेगळा आहे. इन्स्ट्रक्टर आणि कोच हे बाहेरून एकच वाटतात पण काम वेगळं आहे. इन्स्ट्रक्टरकडे दर आठवड्याला नवी माणसं, घाबरलेली, सुट्टीवर आलेली, त्यांना धडधाकट घरी पाठवायचं आणि पुन्हा यावंसं वाटेल असं करायचं. कोचकडे तीच चार पोरं वर्षानुवर्षं, आणि तो सेकंदाच्या भागासाठी झगडतो. श्नायडरने रेसिंगला मोठी मदत केली, इंग्रज स्कीवाला आर्नोल्ड लन आणि त्याने मिळून १९२८ मध्ये सेंट अँटनला आर्लबर्ग-कांदाहार रेस सुरू केली, डाउनहिल (सरळ वेगाने खाली उतरणं) आणि स्लॅलम (रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरणं) दोन्ही मिळून. तोपर्यंत आंतरराष्ट्रीय स्की संघटना उतारावरच्या या प्रकारांना मानत नव्हती, १९३० मध्ये मान्यता दिली आणि १९३१ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेनला पहिली जागतिक स्पर्धा झाली.

पण त्या रेसमधूनच त्याच्या पद्धतीला आव्हान उभं राहिलं. स्लॅलमच्या काठ्यांमधून झटपट वळताना शेपटी बाहेर ढकलण्यात वेळ जातो. सीफेल्डच्या टोनी सीलोसने ते ढकलणंच काढून टाकलं, दोन्ही स्की एकत्र ठेवून वळायला लागला, आणि स्लॅलममध्ये त्याला गाठणं कठीण झालं. पुढे तो फ्रेंच संघाचा कोच झाला, त्याचं बघून शिकलेल्या एमिल आलेने १९३७ मध्ये शामोनीच्या जागतिक स्पर्धेत डाउनहिल, स्लॅलम आणि कंबाइन्ड (दोन्हींचा एकत्र निकाल) तिन्ही जिंकले, आणि फ्रेंचांनी म्हणायला सुरुवात केली की स्टेम शिकवायचं कशाला, नंतर ते विसरायलाच लावावं लागतं, थेट समांतर शिकवा. हा आक्षेप खोटा नव्हता. पायऱ्या पक्क्या करून दिल्या की माणूस पायरीवरच घर करतो, व्ही आकाराची सवय लागली की ती सुटता सुटत नाही, आजही इन्स्ट्रक्टरांना हे रोज दिसतं. तरीही माझं मत श्नायडरच्या बाजूने आहे, कारण एमिल आले हा चॅम्पियन होता आणि शिकायला येणारा साधा माणूस चॅम्पियन नसतो. त्याला पहिल्या तासाला थांबता आलं पाहिजे.

याच काळात या पेशावर एक विचित्र अन्याय झाला. १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये, जर्मनीतल्या गार्मिशला, पहिल्यांदाच उतारावरचं स्कीइंग घेतलं गेलं, आणि ऑलिम्पिक समितीने ठरवलं की स्की इन्स्ट्रक्टर हे पैसे घेणारे, म्हणजे व्यावसायिक, म्हणून त्यांना भाग घेता येणार नाही. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे सगळ्यात चांगले स्कीअर इन्स्ट्रक्टरच होते. पैसेवाल्याचा मुलगा अख्खा हिवाळा स्की करू शकतो तो हौशी, आणि शेतकऱ्याचा मुलगा शिकवून पोट भरतो तो व्यावसायिक. दोन्ही देशांच्या स्कीअर्सनी उतारावरच्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. मला यात त्यांचं पूर्णपणे बरोबर वाटतं.

पाहुण्यांचंही तेव्हा वाईटच चाललं होतं. १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने नियम केला की ऑस्ट्रियात जाणाऱ्या जर्मन माणसाने आधी १००० मार्क भरायचे. ऑस्ट्रियाचं पर्यटन मोडायचा उघड डाव होता तो, आणि टायरॉलच्या, म्हणजे सेंट अँटन ज्या प्रांतात आहे तिथल्या, गावांना तो जबरदस्त लागला, कारण जर्मन पाहुणे तिथला मोठा आधार होते. नियम उठला १९३६ मध्ये. मधल्या वर्षांत गावोगावी माणसं विभागली गेली. काहींना वाटायला लागलं की नाझी आले तर जर्मन पाहुणे परत येतील आणि चूल पेटेल. श्नायडरच्या स्वतःच्या शाळेतले काही इन्स्ट्रक्टरही नाझींच्या बाजूने गेले. तो मात्र उघडपणे विरोधात राहिला, ज्यू पाहुण्यांशी आणि गोम्पर्त्ससारख्या ज्यू वंशाच्या मित्राशी असलेले संबंध त्याने तोडले नाहीत. पद्धत सगळ्यांना एकसारखी शिकवता येते, माणसं एकसारखी होत नाहीत, हे या शाळेत अगदी स्पष्ट दिसतं.

मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि लगोलग श्नायडरला घरातून उचललं, लांडेकच्या तुरुंगात टाकलं. शाळा गेली, ३० वर्षांचं काम दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं. त्याच दिवसांत सेंट अँटनला आर्लबर्ग-कांदाहार व्हायची होती, लनने ती रद्द केली, ज्याच्यासोबत रेस सुरू केली तो तुरुंगात असताना रेस होणार नाही म्हणून. बाहेरच्या देशांतले जुने विद्यार्थी पत्रं लिहायला लागले, ओरड करायला लागले. काही आठवड्यांनी त्याला तुरुंगातून काढून गार्मिशला कार्ल रोझेन नावाच्या वकिलाच्या देखरेखीखाली ठेवलं, म्हणजे सुटका नव्हे, नजरकैद.

तिथून पुढे त्या छोट्या वाटलेल्या सौद्याने काम केलं. नॉर्थ कॉनवेचा मूळचा रहिवासी हार्वी गिब्सन न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या बँकेचा अध्यक्ष होता. आपल्या गावात हिवाळी पर्यटन आणायचं म्हणून त्याने क्रॅनमोर डोंगरावर पैसे घातले होते, १९३८ मध्ये तिथे स्कीमोबिल बसवलं, लाकडी रुळावरून माणसांना वर नेणाऱ्या छोट्या छोट्या गाड्या, आणि रीडची शाळा, रिबिट्स्कासकट, क्रॅनमोरला आणली होती. बॉस्टनहून स्नो ट्रेन भरभरून यायच्या. म्हणजे श्नायडरच्या नावाची, श्नायडरच्या पद्धतीने चालणारी शाळा तिथे आधीच उभी होती, फक्त श्नायडर नव्हता. आणि गिब्सन जर्मनीकडे अडकलेल्या अमेरिकन कर्जांच्या वाटाघाटींतलाही महत्त्वाचा माणूस होता. त्याने ते वजन वापरलं. फेब्रुवारी १९३९ मध्ये श्नायडर, बायको लुडविना आणि दोन मुलं, हर्बर्ट आणि हेर्टा, नॉर्थ कॉनवेच्या स्टेशनवर उतरले, आणि शाळकरी पोरांनी स्कीच्या काठ्या उंच धरून केलेल्या कमानीखालून चालत गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. चांगल्या कामाचं फळ मिळालं अशी गोड गोष्ट करून हे प्रकरण सांगता येणार नाही. रुडॉल्फ गोम्पर्त्स, ज्याने तेच गाव घडवलं, त्याला १९४२ मध्ये व्हिएन्नाहून हद्दपार करून मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्स या नाझींच्या हत्याकेंद्रात नेऊन मारलं. त्याचं कामही तेवढंच मोठं होतं. पण त्याचं काम गावात होतं, रस्त्यात, केबल कारमध्ये, हॉटेलांत, ते उचलून परदेशी नेता येत नव्हतं आणि तिकडे त्याच्या नावाने वाट बघणारी संस्था नव्हती. श्नायडरचं काम माणसांच्या पायांत होतं आणि ती माणसं बाहेर पोचली होती. दोघांच्या लायकीत फरक नव्हता, आणि गोम्पर्त्सवर तर वंशाच्या नावाने मृत्यूच ओढवलेला होता. श्नायडरच्या वाट्याला आलेली सुटका मोजताना हे नाव सोडून देणं मला जमत नाही.

अमेरिकेत त्याने काय केलं? पन्नाशीला आलेला माणूस, भाषा नवी, डोंगर आर्लबर्गच्या मानाने अगदीच लहान. तो कामाला लागला. सेंट अँटनला झाडांच्या वरचे मोकळे उतार होते, क्रॅनमोरवर जंगल. त्याने उतार रुंद करून घेतला, उन्हाळ्यात बुंधे आणि दगड काढून जमीन सपाट करून घेतली, कारण खालची जमीन साफ असली की थोड्या बर्फातही क्लास घेता येतो. स्की शिक्षकाने उन्हाळ्यात डोंगर तयार करायचा, हे आज सगळ्या रिसॉर्टना सवयीचं आहे, तेव्हा न्यू इंग्लंडमधल्या बऱ्याच वाटा म्हणजे झाडांमधून कापलेली अरुंद बोळं होती. नवशिक्याला बोळात शिकवता येत नाही, त्याला चुकायला जागा लागते.

त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पोरांनी काय केलं तेही बघा. क्रॅनमोरला शिकवणारा टोनी मॅट, सेंट अँटनचाच, १९ वर्षांचा, १९३९ च्या वसंतात माउंट वॉशिंग्टनवरच्या इन्फर्नो रेसमध्ये टकरमनचा जवळपास उभा कडा वळणं न घेता सरळ उतरला आणि ६ मिनिटं २९.२ सेकंदांत खाली आला. ज्या शाळेवर सुरक्षित आणि हळू शिकवतात अशी टीका व्हायची तिथलाच हा पोरगा. फ्रीडल फायफर, श्नायडरचा जुना इन्स्ट्रक्टर, आयडाहो राज्यातल्या सन व्हॅली रिसॉर्टच्या स्की शाळेचा प्रमुख झाला. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा सन व्हॅलीच्या ऑस्ट्रियन इन्स्ट्रक्टरांना शत्रू देशाचे नागरिक म्हणून पकडलं, त्यात फायफरही होता, आणि मग तोच अमेरिकन सैन्याच्या १० व्या माउंटन डिव्हिजनमध्ये गेला, इटलीत जबर जखमी झाला, आणि युद्धानंतर अ‍ॅस्पेनचं स्की केंद्र उभं करणाऱ्यांपैकी एक ठरला. हर्बर्ट श्नायडरही त्याच डिव्हिजनमधून इटलीत लढला. बापाने एका महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैनिकांना स्की शिकवली, आणि पोराने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने डोंगरात लढाई केली.

या पेशात नव्याने येणारे लोक साधारण विचारतात की किती वर्षं करता येतं, पैसे किती, पुढे काय. श्नायडरच्या प्रकरणावरून मी एवढं सांगेन की १९०७ मध्ये त्याच्याकडे होतं ते फक्त अंगातलं कौशल्य, आणि तेवढ्यावर तो हॉटेलचा नोकर होता. ते कौशल्य पायऱ्यांमध्ये मांडल्यावर तो शाळेचा मालक झाला. आणि त्या पायऱ्या शिकवणारी माणसं तयार केल्यावर, आणि त्यांना अडवून न ठेवता बाहेर जाऊ दिल्यावर, त्याचं काम त्याच्या गावावर अवलंबून राहिलं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. चांगला इन्स्ट्रक्टर दुसरीकडे गेला की मालकाचं नुकसान होतं, गिऱ्हाईकं त्याच्यामागे जातात, म्हणून बहुतेक मालक धरून ठेवतात. रिबिट्स्काला धरून ठेवलं असतं तर नॉर्थ कॉनवेला श्नायडरच्या नावाची शाळा नसती, मग गिब्सनला त्याच्यासाठी धडपडायचं कारणही बहुधा नसतं.

तंत्र पुढे बदललंच. १९५० च्या दशकात सेंट क्रिस्तोफला श्टेफान क्रुकेनहाउझरने वेडेल्न आणलं, पाय जवळ ठेवून छोटी छोटी वळणं, वरचं अंग शांत, आणि ऑस्ट्रियाने अधिकृतपणे तेच शिकवायला घेतलं. म्हणजे आर्लबर्गची बसकी पद्धत आर्लबर्गवरच मागे पडली. बूट कडक झाले, टाच पक्की बांधली गेली, तसं ते खाली बसणं लागेनासं झालं. पण क्लास येण्याप्रमाणे पाडायचे, आधी व्ही आकार, मग एक स्की बाहेर, मग समांतर, ही उतरंड आज जवळजवळ कुठल्याही देशातल्या स्की शाळेत पहिल्या आठवड्यात दिसेल, नावं वेगळी असतील.

श्नायडर युद्धानंतर अमेरिकेतच राहिला, १९५५ च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॉनवेला वारला. शाळा हर्बर्टने चालवायला घेतली, १९६० च्या दशकात भागीदारांसोबत क्रॅनमोर डोंगरच विकत घेतला, आणि त्याच उतारावर कित्येक वर्षं वडिलांच्या पद्धतीने तयार झालेले इन्स्ट्रक्टर क्लास घेत राहिले.